स्वरतंतूत भरलेली चरबी: किती भरायची, किती उरते

लकवा झालेला स्वरतंतू दुसऱ्याला भिडत नाही, मध्ये फट राहते आणि आवाज बसतो. अशा स्वरतंतूत काहीतरी भरून तो मधल्या रेषेकडे ढकलायचा, हे १९११ पासून चालू आहे. तेव्हाचे पॅराफिन जागा सोडून सरके, गाठी होत. १९६० च्या दशकात टेफ्लॉन आले. त्याच्याभोवती कधी कधी अनेक वर्षांनी ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाची गाठ, होई आणि तो काढताना स्वरतंतूच जायबंदी होई. त्यामुळे १९९१ च्या सुमारास रुग्णाचीच पोटावरची चरबी भरल्याचे अहवाल आले, तेव्हा त्यांचे स्वागतच झाले. ॲलर्जी नाही, वस्तूचा खर्च नाही आणि चरबी स्वरतंतूइतकीच मऊ. अडचण एकच: ती जिरते.

यातूनच आजही न मिटलेला वाद निघाला, तो जास्तीची चरबी भरण्याचा. पूर्ण भूल असल्याने टेबलावर आवाज ऐकून अंदाज घेता येत नाही. म्हणून स्वरतंतू मधल्या रेषेपलीकडे फुगेपर्यंत, गरजेपेक्षा तीस ते पन्नास टक्के जास्त भरण्याचा प्रघात पडला. पण सिरिंजमधले सगळे चरबी नसतेच. लायपोसक्शनने (नळीने ओढून) काढलेला माल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की वर तेल, मध्ये चरबी, खाली रक्त आणि सलाईन असे थर पडतात. न फिरवता, न धुता भरले तर तेल आणि पाणी काही दिवसांत जिरते आणि सर्जनला वाटते, चरबीच गेली. जास्तीचा हिशेब बराचसा या पाण्याचा होता, असे म्हणायला जागा आहे. चरबी स्वच्छ केली आणि तरीही पन्नास टक्के वाढवून भरली, तर आवाज महिनोन्‌महिने दाबलेला, घोगरा राहतो. दोन्ही बाजू एकाच वेळी भरल्या असतील, तर श्वासाचीही काळजी घ्यावी लागते.

भरायची जागाही तितकीच महत्त्वाची. सुई जाड, १८ किंवा १९ गेजची हवी. बारीक सुईतून जाताना पेशी फुटतात. ती स्वरतंतूच्या बाहेरच्या बाजूला, खोल स्नायूत जावी. तिथे रक्तपुरवठा चांगला असल्याने चरबी रुजते. वरच्या थरात सांडली तर कंपनाची लाट अडते, आणि ती परत काढणे भरण्यापेक्षा कितीतरी अवघड. सुई लगेच ओढली तर छिद्रातून चरबी बाहेर येते, म्हणून काही सेकंद थांबायचे आणि टोचण्या कमीत कमी ठेवायच्या.

पहिले दोन-चार आठवडे सूज असते आणि घट सहसा पहिल्या काही महिन्यांत होते, त्यामुळे निकाल सहा महिन्यांच्या आत सांगू नये. पुढे काही रुग्णांत वर्षांनंतरही एमआरआयवर चरबी दिसली आहे. मात्र दीर्घकालीन आकड्यांत एक गोम आहे. स्वरतंतूचा मज्जातंतू वर्षभरापर्यंत आपोआप सावरू शकतो. तिसऱ्या महिन्यात चरबी भरली आणि दोन वर्षांनी आवाज चांगला असला, तर श्रेय कोणाला? काही रुग्णमालिकांत लकवा, वाळलेले (रोडावलेले) स्वरतंतू आणि व्रण एकत्र मोजले आहेत, तिथे सरासरीला फारसा अर्थ उरत नाही.

लहान फट आणि वाळलेला स्नायू असेल तर चरबीची बाजू भक्कम वाटते. मागच्या बाजूची मोठी फट मात्र तिने बुजत नाही. तिथे थायरोप्लास्टीसोबत (बाहेरून स्वरतंतू आत ढकलण्याची शस्त्रक्रिया) ॲरिटेनॉइड, म्हणजे स्वरतंतूच्या मागच्या टोकाची कूर्चा, फिरवण्याचा विचार आधीच करावा. वजनाचाही प्रश्न उरतोच: रुग्ण बराच जाड झाला की भरलेली चरबीही वाढू शकते.