मुलांमधील अन्नाची ॲलर्जी

अन्नातल्या एखाद्या प्रथिनाला शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा शत्रू समजते आणि तो पदार्थ पोटात गेला की त्यावर तुटून पडते, त्या अवस्थेला अन्नाची ॲलर्जी म्हणतात. दूध, अंडे, शेंगदाणे, काजू-अक्रोड, गहू, सोयाबीन, तीळ, मासे, कोळंबी-खेकडे हे नेहमीचे कारणीभूत पदार्थ. दुधातली साखर न पचल्याने पोट फुगणे किंवा जुलाब होणे ही मात्र ॲलर्जी नव्हे.

तत्काळ प्रकारात काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते. तान्ह्या मुलांत आणखी एक प्रकार आढळतो. खाल्ल्यानंतर १ ते ४ तासांनी उलट्यांमागून उलट्या होतात, मूल पांढरेफटक आणि मलूल पडते. त्यात गांधी उठत नाहीत, ॲलर्जीची रक्ततपासणीही बहुधा कोरी येते. त्यामुळे पोटाचा संसर्ग समजून निदान लांबते.

निदानाचा पाया म्हणजे नीट विचारलेली हकीकत: काय खाल्ले, किती, किती वेळाने त्रास झाला, तोच पदार्थ आधी पचला होता का. त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत १५-२० मिनिटांनी ३ मिमी किंवा अधिक फुगवटा आला तर ती सकारात्मक धरतात. आधीचे ५-७ दिवस अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीची खाज थांबवणारे औषध, बंद ठेवावे लागते. पण सकारात्मक चाचणी म्हणजे ॲलर्जी नव्हे. डझनभर पदार्थांची एकगठ्ठा तपासणी करून अहवालात आलेले सगळे बंद करणे, ही सर्वांत नुकसानकारक चूक आहे. मुलाचे वजन वाढत नाही, आणि विशेषतः एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजण्याचा आजार) असलेल्या मुलाला आजवर पचणारा पदार्थ बंद केल्यानंतर त्याची खरीखुरी ॲलर्जी जडू शकते. शंका उरल्यास रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खाऊ घालून पाहतात.

खोकला, घरघर, बसलेला आवाज, गळून जाणे ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीची लक्षणे. त्यावर पहिले औषध एकच, ॲड्रेनालिन: मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला, स्नायूत, किलोमागे ०.०१ मिग्रॅ, मुलांत एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिग्रॅ. म्हणजे २० किलोच्या मुलाला १ मिलिला १ मिग्रॅ या तीव्रतेचे ०.२ मिलि. मुलाला आडवे ठेवावे, श्वास लागत असेल तर बसू द्यावे, उभे करू नये. फरक न पडल्यास ५ ते १५ मिनिटांनी दुसरा डोस देतात. बरे वाटले तरी रुग्णालय गाठावेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. अँटिहिस्टामिनने खाज थांबते, श्वासनलिका मोकळी होत नाही. ते देऊन वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात.

घरात घात होतो तो ॲलर्जीच्या पदार्थाला लागलेल्या चमच्याने आणि तो तळलेल्या तेलातच दुसरे काही तळल्याने. हातांना लागलेले शेंगदाण्याचे प्रथिन साबण-पाण्याने जाते, सॅनिटायझरने नाही.

शेंगदाणा उशिरा द्यावा हा जुना सल्ला २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासाने उलटवला: धोका जास्त असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात तो सुरू केल्यावर पाचव्या वर्षी ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून गुळगुळीत वाटून, पातळ करूनच द्यावा.

दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयात जाते, शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाचीच. अंड्याची ॲलर्जी असलेल्या अनेक मुलांना केकमध्ये भाजले गेलेले अंडे चालते, कारण दीर्घ उष्णतेने त्याच्या प्रथिनाचा आकार बदलतो. मात्र तो पहिला घास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी देऊ नये.