कंपनीच्या शेजारचा प्लॉट: इसार देण्याआधी एवढं पाहा

नमस्कार.

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, मिहान या पट्ट्यात आम्ही मोजणीचं आणि ले-आउट आखणीचं काम करतो. मिहानात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, एम्स आलं, 2019 मध्ये खापरीहून मेट्रो सुरू झाली, समृद्धी महामार्ग तर शिवमडक्यापासूनच निघतो. काल कापूस उभा होता त्या वावरात आज चुन्याच्या रेघा दिसतात. इकडे घरांचे प्लॉट, तिकडे ऑफिसं आणि गोदामं. अशा वसाहती व्हाव्यात असंच आम्हाला वाटतं. पोराला नोकरीसाठी पुणं गाठावं लागत नाही, म्हातारे आईबाप घरी एकटे पडत नाहीत.

पण ग्राहक येतात ते फक्त आपल्या प्लॉटचे कागद घेऊन. धुऱ्यापलीकडे काय होणार, हे फार थोडे जण विचारतात. त्यासाठी विकास योजनेचा नकाशा पाहा. पिवळा रंग राहण्याचा, निळा व्यापाराचा, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा. तुमचा प्लॉट पिवळ्यात आणि शेजार जांभळा असेल, तर रात्री ट्रक वळतील हे धरूनच चाला. प्लॉट हिरव्यात असेल, तर "एनए (बिगरशेती) होऊन जाईल" या शब्दावर एक रुपयाही देऊ नका. गट नंबर देऊन झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या झोनमध्ये येते त्याचा कागद, काढा.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि आमच्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कंपनीवाले मुरमाचं भरण टाकून जागा उंच करतात. मग वावरातलं पाणी जुन्या नाल्याकडे न जाता घरांच्या बाजूला तुंबतं, आणि दोन पावसाळ्यांत फरशी उचलते, भिंतीला तडा जातो. म्हणून प्लॉट पाहायला हिवाळ्यात नाही, मोठा पाऊस पडून गेल्यावर जा. नाला कुठून वाहायचा, हे गावातल्या जुन्या माणसाला विचारा. बांधायला घ्याल तेव्हा पाया मुरूम लागेपर्यंत न्या.

कागदांचं थोडक्यात. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर पाडलेले प्लॉट विकायचे, तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाची, नोंदणी लागते. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा, आधी आम्हाला दाखवा. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटात 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. दलालाच्या रंगीत छापील नकाशात तिच्यावर बगीचा काढलेला असतो, मंजूर नकाशात ती नेमकी कुठे आहे ते तपासा. कधी ती नाल्याच्या काठावर ढकललेली सापडते.

येताना ताजा सातबारा, फेरफार, मंजूर ले-आउटची प्रत आणि इसारचिठ्ठीचा मसुदा आणा. इसारचिठ्ठीवर सही झालेली नसेल, तर अजून चांगलं.