माहिती तंत्रज्ञान पथकाचे पर्यवेक्षण, वीज वितरणातील (खान्देश)

वीज वितरण करणाऱ्या सार्वजनिक कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयात ग्राहकांच्या नोंदी, संगणकप्रणाली, नेटवर्क आणि ते सांभाळणारी माणसे यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम. खान्देशात ते मुख्यतः महावितरणच्या जळगाव परिमंडळात चालते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे या एकाच परिमंडळात येतात. खाजगी सॉफ्टवेअर कंपनीतल्या पथकप्रमुखाशी या कामाची तुलना होते, पण ती फसवी आहे. तिथल्या प्रमुखाच्या हाताखाली प्रोग्राम लिहिणारे असतात. इथे मुख्य प्रणाली मुख्यालयाच्या ताब्यात असते, तिच्यातले बदल तिथूनच होतात आणि त्यांचा परिणाम मात्र साक्रीच्या किंवा यावलच्या खिडकीवर उमटतो. चूक कुठे आहे ते नेमक्या शब्दांत वर कळवायचे आणि दुरुस्ती होईपर्यंत ग्राहकाला त्याची झळ लागू द्यायची नाही, हा या कामाचा गाभा.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. विद्युत अधिनियम, २००३ लागू झाल्यावर जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले आणि वितरण महावितरणकडे आले. कंपनीचे मुख्यालय मुंबईत बांद्र्याच्या 'प्रकाशगड' इमारतीत आहे. खाली परिमंडळ, मंडळ, विभाग, उपविभाग आणि शाखा अशी उतरंड आहे. जळगाव परिमंडळ प्रशासकीयदृष्ट्या कोकण प्रादेशिक विभागात मोडते, हे तापीकाठच्या नवख्या कर्मचाऱ्याला पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटते. केंद्र सरकारच्या आर-एपीडीआरपी योजनेने २००८ पासून शहरी भागांतल्या वीज वितरणाच्या संगणकीकरणाला मोठी चालना दिली.

बिलाचा महिना

प्रत्येक ग्राहकाला बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो आणि तो एका बिलिंग युनिटला, म्हणजे बिले जिथल्या नावे निघतात त्या घटकाला, जोडलेला असतो. रीडिंग घेणारा मोबाइल ॲपवर मीटरचा फोटो काढून आकडा भरतो. नंतर आकड्याची तपासणी, बिल तयार होणे, छपाई आणि वाटप असा क्रम महिनाभर चालू राहतो. पथकाचे पहिले लक्ष तपासणीवर हवे. घराला कुलूप, मीटर फॉल्टी, रीडिंगच मिळाले नाही, अशा प्रत्येक कारणाला वेगळा शेरा असतो आणि त्यावरून सरासरीने बिल निघते. एकाच गावात एकाच महिन्यात 'कुलूप' हा शेरा अचानक वाढला, तर गाव परगावी गेलेले नसते. रीडिंग घेणारा गावात गेला का, हे त्या वेळी पाहावे लागते. फोटोतला आकडा आणि भरलेला आकडा यांचा मेळ हा सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी पुरावा आहे.

चुकलेले बिल दुरुस्त करण्याच्या प्रस्तावाला कार्यालयात 'बी-८०' म्हणतात. धुळ्याकडचा माणूस खिडकीवर येऊन "इतलं बिल कसं उनं?" (एवढे बिल कसे आले?) असे विचारतो, तेव्हा त्याच्या प्रश्नाला बी-८० हे बहुतेक वेळा शेवटचे उत्तर असते. पण पर्यवेक्षकाने तिथे थांबू नये. एकाच कारणाचे बी-८० प्रस्ताव पुन्हा पुन्हा येत असतील, तर दोष एका बिलात नसून नोंदीत, ॲपमध्ये किंवा कामाच्या पद्धतीत आहे. या प्रस्तावांची कारणवार यादी दरमहा काढणे हे मला या पदावरचे सर्वांत मोलाचे काम वाटते, कारण प्रणालीतली खोट त्याच यादीत सर्वांत आधी दिसते.

नोंद आणि खांब

कार्यालयाच्या भाषेत रोहित्र म्हणजे डीटीसी. कोणता ग्राहक कोणत्या डीटीसीवर आणि ती डीटीसी कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर), याच्या नोंदीला इंडेक्सिंग म्हणतात. वीजगळतीचा सारा हिशेब तिच्यावर उभा असतो. मे-जूनच्या वादळात रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात बागांबरोबर खांबही आडवे होतात. रात्री पुरवठा चालू करण्यासाठी जनमित्र, म्हणजे लाइनवर काम करणारा कर्मचारी, काही घरे शेजारच्या डीटीसीवर जोडतो. हे काम योग्यच असते, कारण लोकांना अंधारात ठेवता येत नाही. पण नोंद जुनीच राहिली, तर पुढच्या महिन्यात एका डीटीसीवर मोठी गळती दिसते आणि दुसरीवर गळती चक्क वजा येते. मग नसलेल्या चोरीच्या शोधात पथके फिरतात. यावर उपाय संगणकात सापडत नाही. जनमित्राने केलेला बदल दुसऱ्या दिवशी शाखेत कळेल आणि तिथून नोंदीत जाईल, अशी सवय लावावी लागते.

कृषिपंपांच्या नोंदीला २०२४ नंतर वेगळेच वजन आले. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळते. पूर्वी मंजूर भाराचा रकाना एक अश्वशक्तीने चुकला, तर बिलात थोडा फरक पडे. आता मर्यादेजवळची तशी चूक शेतकऱ्याला योजनेत घेते किंवा बाहेर ठेवते.

नावांची अडचण खान्देशात जुनीच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सगळी गल्ली पाटलांची असते, तर अक्कलकुव्यात वसावे आणि पाडवी ही आडनावे घरोघर. रोमन लिपीत भरलेले नाव यंत्राने देवनागरीत आणले की त्याचे रूप बदलते. वारसनोंद किंवा नाव बदलण्याचा अर्ज अशा ठिकाणी अडकतो. म्हणून जुळणी नावावरून न करता ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक या दोन्हींवरून करावी.

वीज तोडण्याची यादी

या कामात सर्वांत जास्त जपावे लागते ते इथे. अधिनियमाच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. याच कलमानुसार थकबाकी सतत दाखवली गेली नसेल, तर दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. म्हणजे नोटिसीची तारीख, थकबाकीचा सलग इतिहास आणि भरणा, या तिन्ही नोंदी कायद्यापुढे टिकणाऱ्या हव्यात. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढे प्रकरण गेले की प्रिंटआउटवरची प्रत्येक तारीख तपासली जाते.

भरणा केंद्रावर पैसे दिले, पण ते खात्यावर चढायला वेळ लागला, असे घडू शकते. सकाळी छापलेली यादी घेऊन वायरमन दुपारी दारात उभा राहतो आणि बाई पावती दाखवते. अशा वेळी पावती खरी मानावी आणि यादी जुनी समजावी, हा नियम पथकाने आणि लाइन स्टाफने आधीच ठरवून घ्यायला हवा. मार्चमध्ये वसुलीचा जोर असतो, त्या दिवसांत यादी किती वाजता काढली हे प्रत्येक पानावर छापलेले असावे.

सुरक्षा

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. उपविभागात मात्र धोका याहून घरगुती असतो. अधिकाऱ्याचा युजर आयडी आणि पासवर्ड ऑपरेटरला माहीत असतो, कारण अधिकारी लाइनवर गेलेले असतात आणि काम अडून चालत नाही. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच हात झाला की बी-८० ची सारी शिस्त कोसळते. रागावून हे थांबत नाही. अधिकाऱ्याला बाहेरूनही सुरक्षितपणे मंजुरी देता येईल, अशी सोय करून दिली तरच थांबते.

माणसे

पथक लहान असते. कायम कर्मचाऱ्यांबरोबर कंत्राटी ऑपरेटर आणि देखभाल करणाऱ्या कंपनीचे तंत्रज्ञ असतात. कंत्राट बदलले की माणसे बदलतात आणि त्यांच्या डोक्यातली माहिती त्यांच्याबरोबर जाते. कायम कर्मचाऱ्यांच्याही बदल्या होतात. त्यामुळे पदभार देताना चाव्या आणि साहित्याच्या यादीबरोबर अर्धवट तक्रारींची वही, मुख्यालयाकडे प्रलंबित मागण्या आणि बंद करायच्या आयडींची यादी द्यावी. चांगला पर्यवेक्षक वर तक्रार पाठवताना 'सिस्टीम चालत नाही' असे लिहीत नाही. कोणते बिलिंग युनिट, कोणता ग्राहक क्रमांक, किती वाजता, कोणता संदेश आला, हे तो लिहितो.

ऊन आणि डोंगर

जळगाव आणि भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. यूपीएसच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण २५ अंशांसाठी बनवलेल्या असतात. त्यापुढे दर ८ ते १० अंशांमागे त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून बॅटऱ्यांची चाचणी मार्चच्या आत उरकावी आणि त्यांची खोली पश्चिमेच्या भिंतीला लागून नसावी.

धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अडचण वेगळी आहे. तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून रीडिंग फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवावे लागते. साठवलेले रीडिंग दोनदा गेले किंवा फोन हरवला, तर त्या पाड्याचा महिना सरासरीवर जातो. अशा भागासाठी कागदावर रीडिंग उतरवण्याची जुनी वही अजून चालू ठेवणे योग्यच आहे. तिथला रीडिंग घेणारा भिली किंवा पावरी बोलणारा असेल, तर मीटर नक्की कुणाच्या घरचे, हे त्याला दारातच विचारून घेता येते.