मॉडेल रॉकेट

मॉडेल रॉकेट : कागदी नळी, पुठ्ठा, हलके बाल्सा लाकूड आणि प्लॅस्टिक यांपासून हाताने बनवलेले, कारखान्यात तयार झालेल्या बदलता येणाऱ्या छोट्या मोटरवर उडणारे आणि हवाई छत्री किंवा लांब फितीच्या आधाराने सुखरूप खाली येऊन पुन्हा उडवता येणारे रॉकेट. दिवाळीतल्या बाणाशी त्याचे नाते दूरचे आहे. बाण एकदाच उडतो आणि त्याची दारू व कवच एकच असते. मॉडेल रॉकेटमध्ये सांगाडा घरचा असतो, मोटर मात्र घरची नसते. या छंदाची व्याख्या करताना आकार किंवा उंचीपेक्षा हीच गोष्ट महत्त्वाची मानावी लागते.

उगम : हा छंद नेमका कोणी सुरू केला याविषयी एकमत नाही. दारू भरलेले बाण फार जुने आहेत. अठराव्या शतकातील म्हैसूरचे बाण लोखंडी नळीचे असत आणि त्यांना बांबूची काठी किंवा तलवारीचे पाते बांधलेले असे. मराठ्यांच्या फौजांतही बाणांचा वापर होता. रॉकेट छत्रीने उतरवण्याची कल्पनाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली नाही. जर्मनीत आल्फ्रेड मौल याने त्या शतकाच्या पहिल्या दशकातच छायाचित्रे घेणारी रॉकेटे छत्रीच्या साहाय्याने उतरवली होती. त्यामुळे काही लेखक छंदाचा आरंभ बराच मागे नेतात. परंतु हलका कागदी सांगाडा, बदलती मोटर आणि पुनर्वापर या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या, तर अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या नॉरफोक गावातील ऑर्व्हिल आणि रॉबर्ट कार्लाइल या बंधूंकडेच यावे लागते. ऑर्व्हिल हा पादत्राणांचा दुकानदार आणि शोभेच्या दारूचा जाणकार, तर रॉबर्ट विमान-प्रतिकृतींचा छांदिष्ट. रॉबर्टच्या व्याख्यानांत दाखवण्यासाठी ऑर्व्हिलने 1954 च्या सुमारास ‘रॉक-अ-शूट’ हे रॉकेट तयार केले. त्याला 1958 मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले.

दुसरा पक्ष जी. हॅरी स्टाइन याला श्रेय देतो. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स चाचणी क्षेत्रात काम करणाऱ्या स्टाइनने 1957 मध्ये रॉकेट-सुरक्षेवर लेख लिहिला. तो वाचून ऑर्व्हिलने त्याच्याकडे आपले नमुने पाठवले. त्याच वर्षी स्टाइनने डेन्व्हर येथे पहिली मॉडेल रॉकेट कंपनी काढली, तसेच छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. ऑक्टोबर 1957 मध्ये स्पुटनिक उडाल्यावर अमेरिकेतील मुले तळघरांत जस्त-गंधकासारखी मिश्रणे नळ्यांत ठासू लागली आणि त्यात अनेक जण जखमी झाले. स्टाइनची कामगिरी या काळात फार मोलाची ठरली. तथापि शोधकाचा मान कार्लाइल बंधूंना आणि प्रसाराचा स्टाइनला, ही विभागणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. व्हर्न एस्टिस याने 1959 च्या सुमारास मोटर भरणारे स्वयंचलित यंत्र चालू केले आणि त्यानंतर मोटरी स्वस्त झाल्या. पहिली जागतिक स्पर्धा 1972 मध्ये युगोस्लाव्हियातील व्हर्शात्स येथे झाली.

मोटर : नेहमीची छोटी मोटर 18 मिमी. व्यासाची व 70 मिमी. लांबीची जाड कागदी नळी असते. तिच्यात खालून वर मातीचे नोझल (वायू बाहेर पडण्याचे अरुंद तोंड), दाबून बसवलेली काळी दारू, सावकाश जळणारा विलंबी थर आणि छत्री बाहेर ढकलणारी दारू असे थर असतात. वर्गीकरण एकूण आवेगावर, म्हणजे मोटरचा सरासरी रेटा (ढकलण्याचा जोर) गुणिले तो टिकण्याचा वेळ यावर, केलेले आहे. ए वर्गाची कमाल 2.5, बी वर्गाची 5, सी वर्गाची 10 आणि डी वर्गाची 20 न्यूटन-सेकंद. म्हणजे प्रत्येक पायरीला मर्यादा दुप्पट होते. ‘सी 6-5’ या खुणेतील 6 हा न्यूटनमधील सरासरी रेटा आणि 5 हा रेटा संपल्यापासून छत्री बाहेर पडेपर्यंतचा सेकंदांतील विलंब होय. दारूला नोझलच्या बाजूने छोटी पोकळी ठेवलेली असल्याने आरंभी जळणारा पृष्ठभाग मोठा असतो. म्हणून पहिल्या क्षणी रेटा सरासरीच्या दुपटीपेक्षा जास्त होऊन मग उतरतो. रॉकेटने उड्डाणाच्या वेळी त्याला सरळ धरणारी दांडी सोडण्यापूर्वीच पुरेसा वेग घ्यावा, हा त्यामागचा हेतू असतो, कारण वेग नसेल तर पंखांवर हवेचा जोर येत नाही.

स्थैर्य : रॉकेट सरळ जाण्यासाठी गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर रॉकेटचे वजन तोलले जाते तो) दाबकेंद्राच्या (ज्या बिंदूवर हवेचा एकूण जोर एकवटतो त्याच्या) पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा लागतो. असे असले की वाऱ्याने नाक कलले तरी मागच्या पंखांवरचा जोर ते पुन्हा मार्गावर आणतो. केंद्रे उलटी पडली तर रॉकेट हवेत कोलांट्या घेते. गुरुत्वमध्य शोधणे सोपे असते. भरलेली मोटर व घडी केलेली छत्री आत ठेवून रॉकेट दोऱ्यावर तोलले की झाले. मोटर भरलेलीच हवी, कारण शेपटीकडची दारू जळत जाते तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो; सर्वांत वाईट अवस्था उड्डाणाच्या क्षणाचीच असते.

दाबकेंद्राचा प्रश्न अवघड होता. आरंभीचे छांदिष्ट रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापून तिचा तोल जिथे साधेल ते दाबकेंद्र मानत. ही रीत रॉकेट वाऱ्याला पूर्ण आडवे असल्याचे गृहीत धरते, म्हणून बिंदू वाजवीपेक्षा पुढे येतो आणि पंख विनाकारण मोठे होतात. 1966 मध्ये जेम्स बॅरोमन याने लहान कोनासाठी सोपी सूत्रे मांडली. त्यांत नाक आणि पंख यांचे वाटे वेगवेगळे काढून भारित सरासरी घेतली जाते, सरळ नळीचा वाटा शून्य धरला जातो. लहान कोनांत ही सूत्रे अधिक विश्वासार्ह आहेत. मात्र लांबट, सडपातळ रॉकेट सोसाट्याच्या वाऱ्यात उडवायचे असेल तर जुन्या पुठ्ठ्याच्या रीतीची सावधगिरी पूर्णपणे टाकून देऊ नये. गणित नको असेल तर गुरुत्वमध्याशी दोरा बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवतात. नाक पुढे ठेवून ते फिरले तर पुरेसे स्थिर, नाहीतर नाकात प्लॅस्टिसिनचा गोळा बसवावा. अतिस्थैर्यही अडचणीचेच, कारण मोठ्या पंखांचे रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवून दूर जाते.

बांधणी व उड्डाण : पंख कापताना लाकडाचे तंतू पुढच्या कडेला समांतर ठेवावेत, आडवे राहिले तर पंख पहिल्याच उतरणीत मोडतो. सांध्यांवर पांढऱ्या गोंदाची बोटाने ओढलेली गोलसर रेघ द्यावी. छत्रीखाली न जळणाऱ्या कागदाचे बोळे ठेवतात. सुमारे 1 मी. लांब दांडीवरून, विजेच्या तारेने पेटवून, डी किंवा त्याहून लहान मोटरसाठी निदान 5 मी. अंतरावरून उड्डाण करतात. उंची कोनावरून काढता येते : 100 मी. अंतरावरून शिखर 50° वर दिसले, तर उंची सुमारे 119 मी.

भारत : 1884 च्या स्फोटक अधिनियमानुसार परवान्याशिवाय स्फोटके बनवता येत नाहीत. परवान्यांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. शाळांतून त्यामुळे पाण्याचे रॉकेट अधिक सोयीचे ठरते. शीतपेयाच्या बाटलीचा सुमारे एकतृतीयांश भाग पाण्याने भरून सायकलच्या पंपाने हवा दाबतात. पंख व गुरुत्वमध्याचे नियम तिलाही तसेच लागू पडतात. बाटली मात्र वायुयुक्त पेयाचीच घ्यावी, कारण साध्या पाण्याची बाटली तेवढा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते.