चुलीवर न चढलेले मांस कच्चे का नसते?

इटलीतील पार्मा परिसरात जेवणाच्या आरंभी पाहुण्यांपुढे जी थाळी येते, तिच्यासाठी यजमानाला चूल पेटवावी लागत नाही. डुकराच्या मागच्या पायाचे खारवून वाळवलेले आणि कागदासारखे पातळ कापलेले मांस, म्हणजे प्रोशुत्तो, ‘पार्मिजानो रेज्जानो’ या कठीण चीजचे ओबडधोबड तुकडे आणि खरबुजाच्या फोडी मांडल्या की काम संपते. डुकराचे मांस न शिजवता खाणे धोक्याचे असते, हे खरेच आहे. मग हे मांस कसे चालते?

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तेच येथे फार सावकाश घडते. अख्ख्या पायाला समुद्री मीठ चोळून तो कित्येक आठवडे थंड खोलीत ठेवतात, कारण मीठ हाडापर्यंत पोहोचेपर्यंत आतल्या भागाला थंडीखेरीज दुसरे संरक्षण नसते. मांसातले काही पाणी निघून जाते आणि उरलेल्यातले बरेचसे पाणी मीठ अडकवून ठेवते. जिवाणूंना वापरता येण्याजोग्या पाण्याचे माप ‘जल-सक्रियता’ या आकड्याने सांगतात. शुद्ध पाण्यासाठी तो १, तर ताज्या मांसासाठी सुमारे ०.९९ असतो, आणि बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू ०.९४ च्या खाली वाढू शकत नाहीत. पार्माच्या पद्धतीत मिठाखेरीज नायट्राइटसारखे कोणतेही परिरक्षक घालत नाहीत, तरीही मांस लालसर राहते, याचे कारण मोठे मौजेचे आहे: मांसातील रंगद्रव्याच्या मध्यभागी असलेल्या लोहाची जागा कालांतराने जस्त घेते.

चव मात्र मीठ घडवत नाही, ती विकरे (एन्झाइम) घडवतात. वर्षभराहून अधिक काळ स्नायूंतील मूळचीच विकरे प्रथिनांचे तुकडे करत राहतात आणि त्यातून सुटी झालेली अमिनो आम्ले, विशेषतः ग्लुटामेट, मांसाला भरदार चव देतात. चीजमध्येही हेच चालते. सुमारे ५५० लिटर दुधापासून साधारण ४० किलोचे एक चाक बनते आणि ते किमान १२ महिने मुरते. दाताखाली कुरकुरणारे त्यातले पांढरे कण मिठाचे नसून टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. (या चीजची निवळी त्याच डुकरांना खाऊ घालतात, तेव्हा थाळीतले हे दोन पदार्थ जुने शेजारी आहेत.)

यजमानाच्या हाती उरते ते तापमान. फ्रिजमधून काढलेले चीज मेणचट लागते आणि त्याचा गंध दबलेला असतो, म्हणून ते अर्धा तास आधी बाहेर काढावे. परंतु पार्मातली खोली आणि मे महिन्यातली मुंबईची खोली एक नव्हे. तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर थाळी तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. कापलेल्या मांसावर लिस्टेरिया हा जिवाणू मीठ आणि थंडी दोन्ही सोसून टिकू शकतो, त्यामुळे गर्भवतींनी ते टाळावे.

थाळीतला सर्वांत नाजूक पदार्थ मात्र मांस नसून खरबूज आहे. चिरलेल्या खरबुजात भरपूर पाणी आणि साखर असते, आम्लता अगदी कमी असते आणि सालीवरचे जिवाणू सुरीबरोबर थेट गरात उतरतात. २०११ मध्ये अमेरिकेत लिस्टेरियाने दूषित झालेल्या खरबुजांमुळे तीसहून अधिक माणसे दगावली होती. म्हणून खरबूज सालीसकट धुवावे आणि पाहुणे बसल्यावरच चिरावे.