‘कल्पना’च्या आधीचा पंचवीस वर्षांचा रियाज

‘कल्पना’ (१९४८) हा नर्तक उदय शंकर यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव कथापट. लहानमोठे धरून त्यात सुमारे ऐंशी नाच आहेत. नर्तकाने हौसेने केलेला सिनेमा म्हणून त्याची बोळवण करणे चूक आहे, कारण चौकटीत आकृती बसवण्याचा सराव त्यांनी कॅमेरा हाती येण्याच्या कितीतरी आधी सुरू केला होता.

सुरुवात चित्रकलेने झाली. १९१८ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आले, त्याच सुमारास गांधर्व महाविद्यालयात संगीतही शिकले. १९२० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकार विल्यम रोथेन्स्टाइन यांच्याकडे गेले. १९२३ मध्ये रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोवा यांच्या बॅलेसंचासाठी त्यांनी ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ बसवले. पहिल्यात पावलोवा राधा, ते स्वतः कृष्ण. बॅलेची पदन्यासपद्धती त्यांनी उचलली नाही. समूहाची मांडणी, प्रकाश, वेशभूषा, तालमीची शिस्त मात्र इथलीच. पुढे स्विस शिल्पकार ॲलिस बोनर यांच्या मदतीने स्वतःचा संच उभा राहिला आणि १९३१ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर आला. त्याचे संगीत विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी सांभाळत. ‘कल्पना’चे संगीतही त्यांचेच.

मग त्यांनी अल्मोड्यात काढलेले नृत्यकेंद्र. तिथे शंकरन नंबुद्री कथकळी, कंदप्पा पिल्लै भरतनाट्यम, अमोबी सिंग मणिपुरी शिकवत. सिनेमाच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचे वाटते ते तिथले ‘रामलीला’ छायानाट्य. पांढरा पडदा, मागे दिवा, मध्ये नर्तक. दिव्याकडे सरकले की सावली अजस्र होते, पडद्याला चिकटले की अंगाएवढी आणि रेखीव. राक्षस आणि वानर यांच्या आकारातला फरक नुसत्या जागेने साधता येतो. यात फसते ते दोन ठिकाणी. प्रकाशाचा उगम रुंद असला की सावलीच्या कडा पुसट होतात. आणि नर्तक पडद्याकडे तोंड करून उभा राहिला की छातीसमोरचे हात धडाच्या काळ्या आकारात बुडतात, म्हणून हालचाल एका अंगाने, पडद्याला समांतर करावी लागते. सपाट पडद्यावर खोली कशी निर्माण करायची, याचे याहून चांगले शिक्षण नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पैशाअभावी केंद्र बंद पडले. तिथे शिकलेला गुरुदत्त पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये आला आणि ‘हम एक हैं’चे (१९४६) नृत्यदिग्दर्शन त्याने केले. उदय शंकर ‘कल्पना’ करायला मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत गेले. छायालेखक होते के. रामनाथ.

‘कल्पना’तला यंत्राचा नाच मुळात रंगमंचावरच्या ‘श्रम आणि यंत्र’ या रचनेतून आलेला. प्रत्येक नर्तक एकेका सुट्या भागाची गती घेतो. एकजण अर्ध्या मात्रेने मागे पडला की यंत्र मोडते, उरतो माणसांचा घोळका. रंगमंचावर प्रेक्षक एकाच अंतरावरून सगळे पाहतो. कॅमेरा जवळ गेला की पाय चौकटीबाहेर जातात आणि ताल हात-खांद्यांतून दिसावा लागतो. शिवाय दोन तुकडे जोडताना हालचालीची दिशा आणि मात्रा जुळली नाही, तर नाच तिथेच तुटतो.

धंद्याच्या दृष्टीने चित्रपट पडला. जीर्णोद्धार केलेली प्रत २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा नायिका अमला शंकर हजर होत्या. ‘कल्पना’ पडला तरी उदय शंकर यांना पडदा सुटला नव्हता. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी कोलकात्यात ‘शंकरस्कोप’ केला. त्यात चित्रफीत आणि जिवंत नर्तक एकाच प्रयोगात होते. सेकंदाला २४ चौकटींनी धावणारी फीत कुणासाठी थांबत नाही, सांभाळायचे ते रंगमंचावरच्या नर्तकाने.