हूलियू खोऱ्यातल्या गढ्या आणि त्यांचे देव

हेबेई प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात, बीजिंगच्या पश्चिमेचे डोंगर ओलांडले की हूलियू नदीचं खोरं लागतं. जिल्हा यूशियान. नावातलं चिन्ह एरवी 'वेइ' असं वाचतात, इथे मात्र ते 'यू'. गावांच्या नावांना लागणारं 'बाओ', म्हणजे गढी, स्थानिक तोंडात 'बू' होतं. या खोऱ्यात आठशे गढ्या, असं तिथे सांगितलं जातं. आकडा बोलण्यातला आहे, पण खोऱ्यातून जाताना तो पटतो. एका गावाचा मातीचा तट नजरेआड होतो न होतो तोच पुढच्या गावाचा दिसू लागतो.

हे तट कुणा सरदाराचे नव्हेत, गावकऱ्यांचे आहेत. पलीकडे गवताळ प्रदेश आणि मंगोल टोळ्या, अलीकडे मिंग साम्राज्याची शेती, आणि मधे हे खोरं. जिल्ह्याच्या गावाला तट बांधला गेला तो १३७२ मध्ये. १४४९ साली तरुण मिंग बादशहा मोहिमेवर निघाला आणि तूमू इथे मंगोलांच्या हाती सापडला. त्याला मोहिमेवर नेणारा दरबारी खोजा याच यू भागातला. परतताना बादशहाने आपल्या गावावरून जावं असं त्याच्या मनात होतं. मग सैन्य पिकं तुडवेल या भीतीने त्याने वाट बदलली, असं इतिहासात नोंदलंय. पुढच्या शतकात, १५७१ च्या तहापर्यंत, स्वाऱ्या वाढत गेल्या आणि बहुतेक गढ्या याच काळात उभ्या राहिल्या. न्वानच्वान गावातली शीगूबाओ त्यातलीच. मिंग काळाबद्दल इतकं पुरे, कारण आज ज्यावरून घोळ आहे तो तटांचा नाही, तटांत बसलेल्या देवांचा आहे.

गढीची रचना पाहिली की तट आणि देव वेगळे काढता येत नाहीत हे लगेच कळतं. वेस दक्षिणेला. तिथून सरळ रस्ता उत्तरेच्या तटापर्यंत जातो आणि तिथे वेस नसते. उंच चौथऱ्यावर देऊळ असतं, बहुधा झेनवूचं. झेनवू हा उत्तर दिशेचा देव, आणि धाड यायची ती उत्तरेकडूनच. खुद्द जिल्ह्याच्या गावालाही उत्तरेचा दरवाजा नाही. तिथे तटावर १३७७ मध्ये बांधलेला जेड सम्राटाचा, म्हणजे स्वर्गाच्या राजाचा, मजली मंडप आहे. वेशीच्या आसपास देव झालेला सेनापती ग्वान यू, करुणेची बौद्ध देवी ग्वानयिन आणि पावसाचा देव नागराज. पाच वाटांच्या देवाचं देऊळ जेमतेम माणूस वाकून आत शिरेल एवढं, पण घरात कुणी वारलं की पहिली वर्दी तिथेच द्यायची. देवळासमोर नाटकाचा मंच, तोंड देवाकडे करून. नाटक देवासाठी असतं. गाव मधल्या जागेत उभं राहून ते बघतं.

नागराजाच्या देवळाशी जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याच डोक्यावर फुटला. इथे वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे ४०० मिलिमीटर, आणि तोही लहरी. इथलं राळं नावाजलेलं आहे, पण ते पिकतं आभाळाच्या भरवशावर. म्हणून देवळाच्या एका भिंतीवर नागराजाची स्वारी पाऊस पाडायला निघालेली असते आणि समोरच्या भिंतीवर काम उरकून परत फिरलेली. मेघगर्जनेचा देव ढोलांच्या कड्यात उभा. वीज म्हणजे दोन्ही हातांत आरसे धरलेली बाई. वारा म्हणजे पोतं घेतलेली म्हातारी. पाण्याचा गाडा असतो, आणि वही घेतलेला कारकून असतो: कुठल्या दिवशी किती पाऊस पाडायचा याचा हुकूम त्याच्याकडे. हे देव सरकारी कचेरीसारखे शिस्तीत चालतात. पाऊस फारच लांबला की उत्तर चीनमधली गावं या देवाची मूर्ती बाहेर काढून उन्हात बसवत, म्हणजे त्यालाही चटका कळावा. हिशेब वहीत आहे, तर जाबही विचारता येतो. या नात्याला 'भक्ती' म्हणावं की 'करार', मला ठरवता येत नाही. 'अंधश्रद्धा' हा शब्द मात्र इथे कमी पडतो असं माझं ठाम मत आहे.

आणि नेमका तोच शब्द पुढे कायद्यात आला. शतकानुशतकं दरबार देवळांची विभागणी वेगळ्या पद्धतीने करत असे: राजमान्य यादीतली पूजा, आणि यादीबाहेरची 'अनाचारी' देवस्थानं. यादीबाहेरचा देव खोटा नसे, फक्त परवानगीवाचून बसलेला असे. एकोणिसावं शतक संपता संपता जपानमधून दोन नवे शब्द आले. 'झोंगज्याओ' म्हणजे धर्म, ज्याला ग्रंथ, संघ आणि शिकवण असते. 'मीशिन' म्हणजे वेडगळ समजूत, ज्याला यातलं काहीच नसतं. दोन्ही शब्द चिनी चिन्हांचेच, अर्थ मात्र युरोपातून फिरून आलेला. १८९८ च्या सुधारणांत देवळांच्या इमारती आणि जमिनी शाळांना द्यायची टूम निघाली. शाळा हव्याच होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण गावाचं देऊळ म्हणजे गावाची सामायिक मालमत्ता, पंचांची बसायची जागा आणि नाटकाचा फंड, हे सगळं त्या एका ठरावात 'रिकामी जागा' ठरलं. १९१२ च्या हंगामी राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिलं. मग प्रश्न उरला तो एवढाच, की धर्म कशाला म्हणायचं?

उत्तर आलं १९२८ च्या अखेरीस. योगायोग असा की हा जिल्हा त्याच वर्षी जुन्या झिली प्रांतातून काढून नव्या चाहार प्रांताला जोडला गेला होता. नानजिंगच्या नव्या राष्ट्रवादी सरकारने देवस्थानं ठेवावीत की मोडावीत याचे 'निकष' जाहीर केले. चार वर्ग केले. पहिला थोर पूर्वजांचा: कन्फ्यूशियस, महापूर आवरणारा यू राजा, आणि त्यांच्या पंगतीत ग्वान यू. हे राहावेत. दुसरा मान्य धर्मांचा: शाक्यमुनी, ग्वानयिन, दाओ मताचा लाओत्सू. हेही राहावेत. तिसरा 'प्राचीन देवां'चा: सूर्य, चंद्र, अग्नी, नगरदेव, नागराज. एके काळी यांना अर्थ होता, आता विज्ञानाने तो संपवला, म्हणून हे जावेत. चौथा अनाचारी देवस्थानांचा, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

आता हा कागद हातात घेऊन एखाद्या गढीत शिरा. वेशीजवळचा ग्वान यू राहिला, कारण तो इतिहासातला खरा माणूस आणि देशासाठी लढलेला. ग्वानयिन राहिली, कारण ती बौद्ध. शेजारचा नागराज गेला, कारण पाऊस कसा पडतो हे आता शाळेत शिकवतात. मूल देणारी देवीही गेली. एकाच भिंतीला टेकलेली देवळं, एकाच वर्गणीतून रंगवलेली, एकाच नाटकाचा मान घेणारी; त्यांतली अर्धी देशाची शान आणि अर्धी देशाची लाज. गावकऱ्यांसाठी ग्वान यू हा काही इतिहासाच्या पुस्तकातला सरदार नव्हता. तो दरोडे थांबवायचा, व्यापाराला साक्षी राहायचा, दुष्काळात पावसासाठीही धावून यायचा. निकष लिहिणाऱ्यांनी त्याला वाचवलं ते त्याचं देवपण काढून घेऊन.

या निकषांचा अंमल शहरांत झाला तेवढा इथे झाला नाही. शेजारच्या वानच्वान आणि श्वानह्वा भागांत १९४७ आणि १९४८ साली एका बेल्जियन मिशनऱ्याने गावोगाव फिरून एकेका देवळाची मोजदाद केली. त्याच्या नोंदींत नागराज सगळीकडे आहे, पाच वाटांचा देवही आहे. पण १९२८ चं वर्गीकरण मेलं नाही. सरकारं बदलली तरी वर्गीकरण टिकलं, हा या कहाणीतला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आहे.

१९४९ नंतर, कम्युनिस्ट राजवटीत, 'मीशिन'च्या आधी 'सरंजामी' हे विशेषण लागलं. देवळं कोठारं झाली, शाळा झाली, सामूहिक शेतीच्या उत्पादन तुकड्यांची कार्यालयं झाली. चाहार प्रांत १९५२ मध्ये मोडला आणि यूशियान जिल्हा हेबेईत गेला. १९६६ नंतर, सांस्कृतिक क्रांतीत, मूर्ती फुटल्या. भिंतींवरची चित्रं बऱ्याच ठिकाणी चुन्याखाली गेली आणि त्या चुन्यानेच ती वाचवली.

१९८२ मध्ये धोरण सैलावलं: पाच धर्म मान्य झाले, नव्या घटनेच्या ३६व्या कलमाने 'सामान्य' धार्मिक व्यवहारांना संरक्षण दिलं. नागराज त्या पाचांत कुठेच बसत नाही. त्यामुळे गावोगावच्या जत्रा परत सुरू झाल्या त्या मालाच्या देवघेवीचा बाजार म्हणून. याच प्रांताच्या मैदानी भागात, झाओ जिल्ह्यातल्या फानझ्वांग गावी, लोक एका लाकडी नाग-फलकाची पूजा करतात. २००३ मध्ये त्याचं नवं देऊळ उभं राहिलं तेव्हा त्याला दुसरंही नाव मिळालं: 'नाग संस्कृती संग्रहालय'. इमारत एक, पाट्या दोन. गावकरी आत जाऊन उदबत्ती लावतात ती पाटी न वाचता.

मग 'अमूर्त वारसा' हा शब्द आला. २००४ मध्ये चीनने युनेस्कोच्या करारावर शिक्कामोर्तब केलं, २००६ मध्ये पहिली राष्ट्रीय यादी निघाली आणि तीत यूशियानची कागदी कातरकाम कला होती. शांगसूझ्वांग गढीतला दिव्यांचा डोंगरही पुढे वारसा ठरला. कंदील सणाच्या, म्हणजे चिनी नववर्षातल्या पहिल्या पौर्णिमेच्या, रात्री लाकडी पायऱ्यांवर तेलाचे दिवे अशा बेताने मांडतात की लांबून शुभाक्षरं उमटावीत, आणि हे सगळं अग्निदेवासाठी. अग्नी हा १९२८ च्या तिसऱ्या वर्गातला देव. 'मीशिन' म्हणून काढलेला देव 'रिवाज' या नावाने परत आला.

गावांचंही असंच नामांतर झालं. आधी बोलीत 'जुनी गावं' होती. २०१२ मध्ये त्यांची 'पारंपरिक गावं' झाली. नुसतं जुनं असणं पुरेसं नाही, तिथे जगणं चालू हवं, असा त्यामागचा विचार, आणि तो चांगला होता. त्या डिसेंबरात पहिली यादी ६४६ गावांची होती. २०२३ च्या सहाव्या यादीपर्यंत एकूण ८,१५५ झाली. निवडीचे तीन मापदंड: इमारती, गावाची जागा व मांडणी, आणि अमूर्त वारसा. केंद्राकडून यादीतल्या गावामागे सरासरी ३० लाख युआन ठरले. या पैशाने कोसळणारे तट सावरले गेले, हे मान्य करायलाच हवं. पण देवळाची किंमत त्या तक्त्यात लाकूडकामाची आणि चित्रांची होते. आत देव आहे का, त्याच्यापुढे कुणी जातं का, हे विचारणारा रकाना नाही. तरुण माणसं झांगजियाकोऊ शहरात नाहीतर बीजिंगला गेलेली, गढीत म्हातारी माणसं उरलेली. राखण नाही म्हणून अनेक देवळांतली चित्रं भिंतीसकट कापून चोरीला गेली. ती विकली जातात 'कला' म्हणून, पावसाचा हिशेब ठेवणारा कारकून वहीसकट.

न्वानच्वानला लोक आता जातात ते उडत्या लोखंडासाठी. कंदील सणाला लोहार वितळलेलं लोखंड, सुमारे १,६०० अंशांचं, पाण्यात भिजवलेल्या विलोच्या लाकडी पळीने उचलून भिंतीवर फेकतात आणि ठिणग्यांचं झाड फुलतं. अंगावर उलटं घातलेलं मेंढीचं कातडं, डोक्यावर गवती टोपी. श्रीमंतांकडे फटाके होते, गरिबांकडे मोडकं लोखंड. त्यातून हे निघालं, असं गावात सांगतात. पूर्वी हे लोखंड उडायचं गढीच्या वेशीच्या भिंतीवर. आता गावात त्यासाठी खास बांधलेलं मैदान आहे, तिथली भिंत नवी आहे, आणि बसायच्या जागा तिकीट काढून येणाऱ्यांसाठी त्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या आहेत.